न्यूयॉर्क की शिकागो? आधी गुडघे मोजा, मग दिवस

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. उन्हाळा जवळ आला की ‘सात रात्री : न्यूयॉर्क, नायगारा, शिकागो’ अशा सहलींच्या जाहिराती झळकू लागतात आणि घराघरांत चर्चा सुरू होते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. पुण्या-मुंबईच्या कुटुंबांना जूनच्या मध्यालाच दप्तर भरावे लागते, आपल्याला मे आणि जवळजवळ सगळा जून मोकळा मिळतो. नवतपात पारा पंचेचाळिशी गाठत असताना पंचवीस अंशांच्या गावात जाऊन बसण्याची ही सोय उर्वरित महाराष्ट्राला नाही. ती सात दिवसांत तीन ठिकाणे उरकण्यात उधळू नये, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आठ रात्रींपर्यंतची सुटी असेल तर एकच शहर घ्यावे. घरात साठीच्या पुढचे कोणी किंवा दहाच्या आतले मूल बरोबर असेल, तर ते शहर शिकागो असावे. न्यूयॉर्क कमी आहे असे मुळीच नाही. पण न्यूयॉर्क पायांनी पाहायचे शहर आहे, आणि पाय कुणाचे आहेत हा प्रश्न जाहिरातवाले विचारत नाहीत.

आधी अंतराचे बघू. न्यूयॉर्क ते शिकागो रस्त्याने सुमारे १२७० किलोमीटर, म्हणजे नागपूर ते दिल्ली करून वर थोडे. अॅमट्रॅकची ‘लेक शोर लिमिटेड’ गाडी रात्रभर चालून साधारण वीस तास घेते. विमान अडीच तासांचे, पण तो अडीच तासांचा प्रवास दिवस खातो. अकराला हॉटेल सोडा, दोन तास आधी विमानतळ गाठा, उतरल्यावर सामान घ्या, पुन्हा शहरात या; खोलीत टेकेपर्यंत संध्याकाळ होते. देशांतर्गत विमानाचे तिकीट वेगळे काढले असेल तर बहुतेक कंपन्या प्रत्येक बॅगेचे वेगळे पैसे लावतात. भारतातून येताना फुकट आलेल्या दोन-दोन बॅगा तिथे चौघांच्या हिशेबाने चांगल्याच महाग पडतात. तोच टप्पा मूळ आंतरराष्ट्रीय तिकिटात बसवून घेतला तर सहसा मूळ तिकिटाचा सामानाचा नियम लागू राहतो. एजंटला हे स्पष्ट विचारावे.

आणि नायगारा. ‘न्यूयॉर्कजवळ’ हा शब्द जाहिरातीत फार सैल वापरतात. मॅनहॅटनपासून नायगारा सुमारे ६६० किलोमीटर आहे. समृद्धी महामार्गाने नागपूरहून इगतपुरीला जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखा हा बेत. बसने जाताना सात-आठ तास, येताना तेवढेच, आणि धबधब्यासमोर दोन-तीन तास. नायगारा पाहायचाच असेल तर तिथे एक रात्र राहावे, नाहीतर या खेपेला सोडून द्यावा.

नागपूरहून निघण्याच्या दृष्टीने दोन्ही शहरे सारखीच आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून दोहाला थेट विमान आहे आणि दोहाहून न्यूयॉर्क व शिकागो दोन्हीकडे थेट विमाने जातात. एकाच बदलात अमेरिका गाठता येते. वेळापत्रके मात्र बदलत असतात, ती तिकीट काढताना पडताळावीत. मुंबई किंवा दिल्लीमार्गे जायचे तर मधला जोडप्रवास एकाच तिकिटावर असावा. नागपूर–मुंबई वेगळे तिकीट काढले आणि ते विमान उशिरा पोहोचले, तर पुढचे विमान चुकल्याची जबाबदारी कोणीही घेत नाही. अमेरिकेतले पहिले विमानतळ जे असेल तिथेच इमिग्रेशन होते आणि सामान घेऊन कस्टममधून बाहेर यावे लागते, मग पुढचे विमान असले तरीही. न्यूयॉर्कला उतरून पुढे शिकागोला जाणाऱ्या तिकिटात मध्ये किमान तीन तास हवेत. दीड तासाची जोडणी कागदावर सुबक दिसते आणि रांगेत तुटते.

व्हिसा शहराचा नसतो, देशाचा असतो. पर्यटक व्हिसाचे शुल्क १८५ डॉलर, बोटांचे ठसे आणि मुलाखत असे दोन वेगळे दिवस, आणि आपल्याला सोयीचे ठिकाण मुंबई. २०२५ च्या सप्टेंबरपासून चौदाच्या आतली मुले आणि ऐंशीच्या घरातले ज्येष्ठ यांनाही मुलाखतीची पूर्वीसारखी सूट सहसा मिळत नाही, तेव्हा मुंबईच्या फेरीत सगळ्यांची तिकिटे धरा. डीएस-१६० अर्जात अमेरिकेतला पत्ता विचारतात; तिथे एका शहराचे हॉटेल लिहिले आणि नंतर बेत बदलला तरी व्हिसा बिघडत नाही. म्हणून व्हिसा आधी, शहर नंतर, आणि पैसे परत न मिळणारे आरक्षण सर्वांत शेवटी. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा होतो.

आता राहण्याकडे येतो, कारण खरा फरक इथे पडतो. आपल्या कुटुंबांना स्वयंपाकघर असलेले घर हवे असते. सकाळी पोहे, रात्री वरण-भात एवढे झाले की म्हातारी माणसे खूश आणि खिसाही खूश. न्यूयॉर्क शहरात हे आता जवळजवळ अशक्य आहे. २०२३ च्या सप्टेंबरपासून तिथे ‘लोकल लॉ १८’ची अंमलबजावणी सुरू झाली. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचे तर मालकाने नोंदणी करायची, स्वतः त्याच घरात राहायचे आणि दोनपेक्षा जास्त पाहुणे घ्यायचे नाहीत. म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला अख्खा फ्लॅट आठवड्यासाठी मिळाला, तर बहुतेक वेळा तो नियमाबाहेरचा असतो आणि ऐनवेळी रद्द होऊ शकतो. शिकागोतही परवाना लागतो, पण परवाना असलेले अख्खे घर कायदेशीरपणे मिळते. जाहिरातीत परवाना क्रमांक दिलेला आहे का, तेवढे पाहावे.

न्यूयॉर्कमध्ये राहिला पर्याय हॉटेलचा. जूनमध्ये मॅनहॅटनची मध्यम खोली अडीचशे ते चारशे डॉलर मागते आणि आकाराने आपल्या बेडरूमइतकीही नसते. दोन पलंग लावले की बॅग उघडायला जागा उरत नाही. शिकागोच्या मध्यवस्तीत, ज्याला ‘लूप’ म्हणतात तिथे, तेवढ्याच किंवा कमी पैशांत खोली मोठी मिळते. पण कराच्या बाबतीत शिकागो अधिक कडक आहे. न्यूयॉर्कमध्ये खोलीच्या भाड्यावर १४.७५ टक्के आणि वर प्रत्येक रात्रीचे साडेतीन डॉलर. शिकागोत कर सतरा टक्क्यांच्याही पुढे जातो. दुकानातला विक्रीकर न्यूयॉर्कमध्ये ८.८७५ टक्के, शिकागोत १०.२५. न्यूयॉर्कमध्ये ११० डॉलरच्या आतल्या कपड्यांवर आणि पादत्राणांवर हा कर नाही, त्यामुळे कपड्यांची खरेदी मुख्य हेतू असेल तर ते पारडे तिकडे झुकते. हॉटेले ‘डेस्टिनेशन फी’ नावाचे रोजचे शुल्कही लावतात. २०२५ च्या मे महिन्यापासून ते जाहिरातीतल्या किमतीत दाखवणे बंधनकारक झाले आहे, कर मात्र अजूनही शेवटच्या पानावर जोडला जातो. तुलना करायची ती शेवटच्या पानावरच्या आकड्याची.

मॅनहॅटन परवडत नाही म्हणून बरेच जण नदीपलीकडे जर्सी सिटीत राहतात. वाईट पर्याय नाही. जर्नल स्क्वेअर स्थानकाजवळ नेवार्क अॅव्हेन्यूवर भारतीय दुकानांची अख्खी रांग आहे आणि पाथ नावाची गाडी तिथून मॅनहॅटनमध्ये आणून सोडते. फक्त पाथचे भाडे वेगळे आणि सबवेचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे, वेगळे. एकातून दुसऱ्यात जाताना पुन्हा पैसे पडतात. शनिवार-रविवारी तिच्या फेऱ्याही विरळ होतात. खोलीत वाचवलेले पैसे चौघांच्या दुहेरी भाड्यात किती जातात, याचे गणित आधी करावे.

गाडी भाड्याने घेण्याचा मोह दोन्हीकडे टाळावा. न्यूयॉर्कमध्ये ६० व्या रस्त्याच्या खाली मोटार नेली की २०२५ च्या जानेवारीपासून गर्दीच्या वेळेला नऊ डॉलर लागतात, आणि पार्किंगचा रोजचा खर्च त्याच्या कितीतरी पट. दोन्ही शहरांत रेल्वे चोवीस तास चालते. न्यूयॉर्कची सबवे सगळी, शिकागोच्या ‘एल’मधल्या रेड आणि ब्लू या दोन लाइन. रंगांच्या नावांचे आपल्याला नवल वाटायला नको. शिकागोची ऑरेंज लाइन मिडवे विमानतळाकडे जाते, आपल्या नागपूर मेट्रोची ऑरेंज लाइनही विमानतळावरूनच जाते.

पण गुडघे. न्यूयॉर्कच्या सबवेत ४७२ स्थानके आहेत आणि लिफ्ट असलेली त्यातली जेमतेम तिसरा हिस्सा. जी आहे ती चालू असेलच असे नाही. एका स्थानकात उतरणे, दुसरी लाइन पकडण्यासाठी बोगद्यातून चालणे, पुन्हा जिने चढणे, असे दिवसातून चार वेळा झाले की दुसऱ्या दिवशी आजी हॉटेलबाहेर पडायला तयार होत नाहीत. अमेरिकेत जाऊन खोलीत बसणारे ज्येष्ठ बहुधा याच कारणाने बसतात. शिकागोत दोन-तृतीयांशाहून अधिक स्थानकांवर चाकांची खुर्ची जाऊ शकते आणि पाहण्याची बहुतेक ठिकाणे मिशिगन सरोवराच्या काठाने सपाट, एका ओळीत आहेत. मिलेनियम पार्कपासून नेव्ही पिअर सुमारे दोन किलोमीटर, दुसऱ्या दिशेला संग्रहालयांचा परिसरही तेवढाच, आणि मध्ये बस आहे. न्यूयॉर्कला जायचेच ठरले तर ज्येष्ठांनी सबवेऐवजी बस धरावी. सगळ्या बसना उतरता उंबरठा आहे, भाडे सबवेइतकेच, आणि दोन तासांच्या आत बसमधून सबवेत किंवा सबवेतून बसमध्ये बदल फुकट. वेळ जास्त लागतो, पण खिडकीतून शहर दिसते. बोगद्यात काय दिसणार?

भाडे भरायचे कसे, हे दोन्हीकडे एकसारखे आहे : बँकेचे संपर्कविरहित कार्ड दारावर टेकवायचे. न्यूयॉर्कचे जुने मेट्रोकार्ड विकणे २०२५ च्या अखेरीस बंद झाले. तिथे एका फेरीला तीन डॉलर, आणि एकाच कार्डावर सात दिवसांत बारा फेऱ्या झाल्या की पुढच्या फुकट. इथे आपले लोक हमखास फसतात. एकाच कार्डाने चौघांना आत सोडले तर चौघांचे पैसे कापले जातात, पण फुकट फेऱ्यांची मोजणी एकाच माणसाची होते. प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे आणि पूर्ण आठवडा तेच हवे. आज प्लास्टिकचे कार्ड, उद्या त्याच कार्डाचा फोन, असे केले तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी कार्डे होतात. दुसरी अडचण इथूनच निघते. आपल्या बँकांची कार्डे परदेशी आणि संपर्कविरहित व्यवहारांसाठी मुळात बंद ठेवलेली असतात. ते दोन्ही पर्याय बँकेच्या अॅपमध्ये निघण्यापूर्वी सुरू करावेत. तिथे पोहोचल्यावर करू म्हटले तर ओटीपी भारतातल्या सिमवर येतो आणि सिम बंद असते. न्यूयॉर्कमध्ये ११२ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट नाही, शिकागोत सातच्या आतल्यांना नाही.

विमानतळापासूनचा पहिला प्रवासही याच हिशेबात धरा. शिकागोच्या ओहेअरवर आंतरराष्ट्रीय विमाने पाचव्या टर्मिनलवर लागतात. तिथून फुकटच्या छोट्या गाडीने मुख्य टर्मिनलकडे, खाली ब्लू लाइन, आणि पाऊण तासात लूप. गाडी बदलायची नाही. ओहेअरहून बसताना भाडे नेहमीच्या जवळपास दुप्पट घेतात, तरी ते स्वस्तच. लूपमध्ये उतरताना लिफ्ट असलेले क्लार्क/लेक स्थानक निवडावे. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून आधी एअरट्रेन, मग जमैका किंवा हॉवर्ड बीचला सबवे, दोन्हीचे पैसे वेगळे. वीस तासांचा प्रवास करून आलेल्या चौघांनी आठ बॅगा घेऊन हे करू नये. अधिकृत पिवळ्या टॅक्सीचे मॅनहॅटनपर्यंत ठरलेले भाडे ७० डॉलर आहे. टोल, अधिभार आणि टीप धरून ते नव्वद-शंभरच्या घरात जाते. टॅक्सी रांगेतूनच घ्यावी. आगमन कक्षात ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत जवळ येणारा माणूस रांगेतला नसतो.

रस्ते कळले की दोन्ही शहरे सोपी होतात. मॅनहॅटनमध्ये क्रमांकांचे वीस रस्ते उत्तरेकडे चाललात की एक मैल होतो. पूर्व-पश्चिम मात्र एकेक ठोकळा, म्हणजे दोन रस्त्यांमधला तुकडा, तिपटीने लांब असतो. नकाशावर ‘चारच ठोकळे’ दिसतात ते कोणत्या दिशेचे, हे बघूनच आजोबांना चालायला सांगावे. शिकागोत स्टेट आणि मॅडिसन या रस्त्यांचा चौक शून्य मानला आहे. तिथून घरांचे क्रमांक आठशेने वाढले की एक मैल. १६०० नॉर्थ म्हणजे शून्यापासून उत्तरेला दोन मैल. एवढे पाठ असले तर फोनची बॅटरी संपली तरी माणूस हरवत नाही.

स्वच्छतागृहांबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. न्यूयॉर्कमध्ये ती शोधावी लागतात, आणि मधुमेह असलेल्यांना हा दिवसभराचा ताण असतो. ब्रायंट पार्क, ग्रँड सेंट्रल स्थानक, सार्वजनिक ग्रंथालये आणि मोठी दुकाने ध्यानात ठेवावीत. शिकागोत मिलेनियम पार्कसमोरचे कल्चरल सेंटर आहे. प्रवेश फुकट, आत रंगीत काचेचा सुंदर घुमट, बसायला जागा आणि स्वच्छतागृहही. अर्ध्या दिवसाचा विसावा तिथेच होतो.

आता पाहण्याचे. नागपूरच्या माणसाचे या दोन शहरांशी जरा वेगळे नाते आहे, आणि निवडीत ते धरायला हवे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले. १९५२ च्या जूनमध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. दीक्षाभूमीच्या गावातून गेलेल्या अनेकांना तिथे माथा टेकवायचा असतो. सबवेच्या १ क्रमांकाच्या गाडीने ११६ व्या रस्त्याला उतरले की समोर फाटक. त्यांचा अर्धपुतळा लेहमन ग्रंथालयात आहे. पण गेल्या काही काळात विद्यापीठाने आवारात बाहेरच्यांच्या येण्यावर निर्बंध घातले आहेत. नुसते जाऊन उभे राहिल्यास फाटकावरूनच परतावे लागण्याची शक्यता मोठी. आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशाचे नियम पाहावेत, ओळखीचा विद्यार्थी असल्यास त्याच्याकडून पाहुण्यांच्या नोंदणीची चौकशी करावी.

शिकागोत स्वामी विवेकानंद. ११ सप्टेंबर १८९३ ला सर्वधर्म परिषदेतले त्यांचे भाषण झाले ती इमारत म्हणजे आजचे आर्ट इन्स्टिट्यूट. धंतोलीच्या रामकृष्ण मठाची पुस्तके वाचून गेलेले वाचक तिथे ‘ते’ सभागृह शोधतात. मूळ सभागृह आता राहिलेले नाही, इमारत तीच आहे. बाहेरच्या मिशिगन अॅव्हेन्यूच्या तुकड्याला स्वामीजींच्या नावाची मानाची पाटी आहे. हे संग्रहालय मंगळवारी आणि बुधवारी बंद असते. चौदाच्या आतल्या मुलांना तिकीट नाही, मोठ्यांना तीस डॉलरच्या वर. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय बुधवारी बंद. आठवड्याचे नियोजन या सुट्या बघून करावे. चार दिवसांच्या मुक्कामात मंगळवार-बुधवार दोन्ही आले तर त्या दिवशी नौका आणि प्राणिसंग्रहालय ठेवावे.

शिकागोत फुकट गोष्टी भरपूर आहेत, आणि त्या दुय्यम नाहीत. मिलेनियम पार्कमधला मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे ‘बीन’ हे चकचकीत शिल्प, शेजारच्या क्राउन फाउंटनमध्ये नाचणारी मुले (टॉवेल आणि कपड्यांचा जोड बरोबर ठेवा), उन्हाळ्यातल्या मोफत मैफली, लिंकन पार्कचे वर्षभर विनामूल्य प्राणिसंग्रहालय, आणि ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही असे मिशिगन सरोवर. फुटाळ्याच्या सवयीने त्याला तलाव म्हणायला जीभ धजत नाही. जूनमध्ये पाणी अजून गार असते. पाय बुडवावेत, मुलांना फार वेळ डुंबू देऊ नये. पैसे देऊन करायची एकच गोष्ट निवडायची तर नदीतून इमारती दाखवणारी दीड तासांची नौका. जाणकार निवेदक असलेली घ्यावी आणि उन्हात भाजायचे नसेल तर संध्याकाळची. ४४२ मीटर उंचीच्या विलिस टॉवरच्या १०३ व्या मजल्यावर काचेच्या खोक्यात उभे राहता येते. ढाक्यात जन्मलेल्या फझलुर रहमान खान यांचे अभियांत्रिकी कौशल्य त्या इमारतीत आहे. पायाखाली काच असताना ही माहिती मुलांना सांगितली की त्यांचा धीर वाढतो. विज्ञान व उद्योग संग्रहालय १८९३ च्याच जागतिक प्रदर्शनातल्या इमारतीत आहे. पकडलेली जर्मन पाणबुडी आणि १९३३ पासूनची कोळसा खाणीची प्रतिकृती तिथे आहे. उमरेड-चंद्रपूरच्या मुलांना खाणीत फार नवल वाटणार नाही, पाणबुडीत वाटेल. एक पूर्ण दिवस तिथे जातो.

न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्यदेवता. बेटावर उतरवणारी अधिकृत नौका सेवा एकच आहे, स्टॅच्यू सिटी क्रूझेस. बॅटरी पार्कपाशी रंगीत जाकिटे घालून तिकिटे विकणारे बहुधा नुसती प्रदक्षिणा घालणाऱ्या बोटींचे तिकीट देतात. बेटावर उतरता येत नाही हे बोट निघाल्यावर कळते. मुकुटापर्यंत जायचे तर त्याचे तिकीट महिनोन्‌महिने आधी काढावे लागते आणि चौथऱ्यापासून वर १६२ अरुंद पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. पुतळा लांबून पाहिला तरी चालत असेल तर स्टेटन आयलंड फेरी पकडा. पंचवीस मिनिटांची, पूर्ण फुकट. तिचे तिकीट कुणी विकत असेल तर तो सरळ लबाड. एम्पायर स्टेटवर ८६ वा मजला पुरे होतो. १०२ व्याचे जादा पैसे मला कधीच पटले नाहीत. सेंट्रल पार्क चार किलोमीटर लांब आहे. ‘पार्क पाहून येऊ’ म्हणून जेवणाआधी निघू नये.

जेवणाच्या बाबतीत दोन्हीकडे शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. न्यूयॉर्कमध्ये फ्लशिंगच्या गणेश मंदिराच्या तळघरातले उपाहारगृह डोशासाठी नावाजलेले आहे, जॅक्सन हाइट्सच्या ७४ व्या रस्त्यावर किराणा मिळतो. शिकागोत डेव्हन अॅव्हेन्यू. रेड लाइनच्या लोयोला स्थानकावरून १५५ क्रमांकाची बस तिथे नेते. स्वयंपाकघर असलेले घर घेतले असेल तर पहिल्याच दिवशी डेव्हनला जाऊन तूरडाळ, पोहे, तिखट घेऊन यावे. इथून दहा किलो नेण्याची गरज नाही. शिकागोचा जाड डीप-डिश पिझ्झा भाजायला पाऊण तास लागतो. बसल्याबरोबर मागवावा आणि चौघांना एक मध्यम पुरतो. ‘व्हेजिटेरियन’ शब्दावर विसंबू नका. सूपमध्ये कोंबडीचे पाणी आणि शेंगभाजीत डुकराची चरबी असू शकते. मांस, कोंबडी, मासे, अंडे नको, असे चारही शब्द सुटे सांगावेत.

सामानात संत्री, आंबे आणि कढीपत्ता नेऊ नका. नातेवाइकांसाठी न्यायचा मोह नागपूरकराला होणारच, पण ताजी फळे-पाने कस्टमवर जप्त होतात आणि लपवून नेल्यास दंड होतो. कढीपत्त्याचे कारण आपल्या संत्रा उत्पादकांना लगेच समजेल. संत्र्यावर ग्रीनिंग हा रोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड कढीपत्त्यावरही जगते, आणि फ्लोरिडाच्या बागा त्या रोगाने पार खंगल्या आहेत. खाण्याचा जो पदार्थ बरोबर असेल तो कस्टमवर जाहीर करावा. जाहीर केलेल्याला दंड नाही, फार तर वस्तू जाते.

तारखांचा एक धोका शिकागोत आहे, तो बहुतेक एजंटांनाही ठाऊक नसतो. मेअखेर आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे कर्करोगतज्ज्ञांची प्रचंड वार्षिक परिषद भरते, मेमध्ये उपाहारगृह व्यवसायाचे मोठे प्रदर्शन. त्या दिवसांत खोल्यांचे भाव दुपटीला जातात आणि मग शिकागो न्यूयॉर्कहून महाग पडते. मेचा शेवटचा सोमवार ‘मेमोरियल डे’, त्याला जोडून आलेला शनिवार-रविवार दोन्ही शहरांत टाळावा. ८ ते २५ जून हा काळ नागपूरकरांसाठी सगळ्यात चांगला : दिवसा पंचविशीच्या आसपास, सूर्यास्त साडेआठला. तरीही एकेक जाकीट हवे. शिकागोत वारा सरोवरावरून फिरला की तासाभरात पारा सात-आठ अंश उतरतो, आणि मेच्या सुरुवातीला तर काठावर चक्क थंडी असते.

मग न्यूयॉर्क कुणी निवडावे? चालणारे, जिने चढणारे, मुले बारा-तेराच्या पुढची, नाटक-संग्रहालयांची खरी आवड असलेले, किंवा पूर्व किनाऱ्यावर नातेवाईक असलेले. तिथून फिलाडेल्फिया रेल्वेने दीड तास, वॉशिंग्टन साडेतीन तास. शिकागोच्या आसपास तेवढ्या तोलाचे दुसरे शहर नाही. पाच रात्रींपेक्षा कमी वेळ असेल तर मात्र न्यूयॉर्कला हात लावू नये. शिकागो चार रात्रींत नीट होते.

आणि ज्यांच्याकडे दहा-अकरा रात्री आहेत त्यांनी दोन्ही करावीत, पण तिकीट ‘मल्टी-सिटी’ काढावे : जाताना नागपूर–न्यूयॉर्क, येताना शिकागो–नागपूर. भाडे बहुधा साध्या जाण्यायेण्याच्या तिकिटाइतकेच पडते आणि परतीसाठी न्यूयॉर्कला पुन्हा जावे लागत नाही. न्यूयॉर्क आधी ठेवावे, पायांत ताकद असताना. सहा रात्री तिथे, चार शिकागोत, मधले विमान सकाळचे. शिकागोचे घड्याळ न्यूयॉर्कच्या एक तास मागे असल्याने तो तास हातात मिळतो, आणि त्याच दिवशी दुपारी मुलांना क्राउन फाउंटनला नेता येते.

आपला,
प्रवास-नियोजनाचे काम करणारा एक वाचक
धरमपेठ, नागपूर